मालवणच्या पुढचा रस्ता

फोन आला तेव्हा मी सायकलच्या दुकानात ब्रेकच्या रबरांवरून हुज्जत घालत उभा होतो. आमच्या सपाट सोलापुरात कसलीही रबरं चालतात, पण आम्हाला कोकणात जायचंय, तिथले उतार ही असली रबरं दोन दिवसांत खाऊन टाकतात, हे मी दुकानदाराला पटवत होतो. फोन शिवानंदच्या सूतगिरणीतल्या माणसाचा. चिंचोळीच्या अलीकडे शिवानंदला ट्रेलरनं मागून उडवलं, म्हणाला. कुठल्या दवाखान्यात नेलंय, मी विचारलं. तो नुसतं “तुम्ही या सर” म्हणत राहिला... तेवढ्यात दुकानदारानं विचारलं, “मग सर, चांगली बसवू?” आणि मी “बसव” म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. ती रबरं सायकलला अजून तशीच कोरी आहेत.

शिवानंद आमच्याच गल्लीतला. चिंचोळी एमआयडीसीतल्या सूतगिरणीत फिटर. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. मी गल्लीतून रडतखडत फेऱ्या मारताना बघून हा कट्ट्यावरून हसायचा. शेवटी एकदा त्यानं आपली जुनी सायकल आणून माझ्या दारात उभी केली आणि म्हणाला, चालायचं काम पेन्शनवाल्यांचं हाय, तुमी ह्यावर बसा की. नंतर ‘तुमी’चं ‘तू’ झालं, त्याला फार दिवस लागले नाहीत.

कोकणचं वेड त्याचंच. कुणाच्या तरी लग्नाला दापोलीकडे गेला असताना गाडीच्या खिडकीतून त्याला खाली समुद्राच्या कडेनं जाणारा एक बारका रस्ता दिसला होता. त्यावर एकही वाहन नव्हतं. जेवण काय होतं, नवरी कशी होती, यातलं त्याला काहीही आठवत नव्हतं, तो रस्ता मात्र डोक्यात बसला. मग आमचं ठरलं. जानेवारीत गड्ड्याची जत्रा उरकली की रजा टाकायची, सायकली बसच्या डिकीत घालायच्या, आणि मागच्या वर्षी जिथं थांबलो तिथून पुढं निघायचं. अलिबागपासून सुरुवात केली आणि दर वर्षी थोडं थोडं खाली सरकत गेलो. दिघीची खाडी, बाणकोटची खाडी, दाभोळची खाडी... प्रत्येक ठिकाणी सायकली फेरीबोटीत चढवायच्या आणि पलीकडे उतरलं की समोर चढ उभाच.

चढाची प्रॅक्टिस आम्ही करायचो रेल्वेच्या उड्डाणपुलावर. सोलापुरात दुसरा चढ आणायचा कुठून? सकाळी वर, खाली, परत वर. एका ट्रॅफिक हवालदारानं थांबवून काय हरवलंय म्हणून विचारलं होतं. त्या पुलानंच पहिल्या वर्षी आमचा घात केला. पुलाचा माथा खालूनच दिसतो, म्हणून जोर लावून एका दमात वर जायची आम्हाला सवय. दिघीच्या पुढच्या पहिल्याच चढाला आम्ही तसंच भिडलो. वळणाच्या पुढं संपेल असं वाटलं, तर वळणाच्या पुढं आणखी चढ, आणि त्याच्या पुढं आणखी. मी सायकल टाकून काजूच्या झाडाखाली आडवा झालो. हा वरून पायी चालत खाली आला, माझी सायकल उचलली आणि कानडीत म्हणाला, “नडी.” म्हणजे चल. बस, एवढंच. पुढं प्रत्येक चढाच्या पायथ्याशी तो हेच म्हणायचा आणि मी शिव्या घालत निघायचो.

रस्ता विचारायची त्याची एक पद्धत होती. मोबाइलमध्ये बघायचं नाही. कुणालाही चांगला रस्ता कुठला म्हणून विचारलं की तो हायवे दाखवतो. म्हणून हा विचारायचा, एसटी कुठल्या रस्त्यानं जात नाही? टपरीवरची माणसं बुचकळ्यात पडायची. एक रस्ता आहे हो, पण फार चढउतार, कुणी जात नाही तिकडनं. झालं, आमचा तोच. केळशीच्या बाजूला अशाच एका रस्त्यावर आम्ही चाललो होतो. खाली समुद्र, वर जांभा दगड, आणि आवाज म्हणाल तर फक्त आपल्या चेनचा. मी बघितलं, तर शिवानंद मान सरळ ठेवून चालवत होता. सोलापुरात तो सारखा मान वळवून मागं बघायचा. एवढी सवय, की घरात जेवतानाही मधेच मागं वळायचा आणि वहिनी हसायच्या. मला म्हणाला, “हितं मागं वळून बघावं लागत न्हाय बघ.” त्याच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात सुखाचं वाक्य ते.

आणि तो गेला मागून आलेल्या गाडीखाली.

एरवी तो गिरणीच्या बसनं जायचा. कोकणात जायच्या आधीचे काही आठवडे मात्र पायांना सवय हवी म्हणून सायकलनं. त्या शांत रस्त्यांची तयारी करायला आमच्याकडे होता हा चिंचोळीवरून जाणारा पुणे रोड. मातीला आलेल्यातले दोघे-तिघे म्हणाले, छंदापायी गेला बिचारा. माणूस रस्त्याच्या कडेनं, दिवसाउजेडी, आपल्या कामावर चालला होता. त्याचा छंद कशाला काढता? ट्रेलरबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ते जणू पावसापाण्यासारखंच, यायचं ते येणारच.

गेल्या वर्षी आम्ही मालवणला थांबलो. पुढं वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, की महाराष्ट्र संपला. आणखी एखादा दिवस काढला असता तर झालं असतं. मी म्हणालोही, उरकून टाकू. त्यानं ऐकलं नाही. “संपवलं तर फुडच्या वर्षी काय करायचं?” म्हणाला आणि जेट्टीवर पाय सोडून बसला... आता शहरातली सायकलवाली तरुण पोरं म्हणतात, सर, आपण ते पूर्ण करू, त्यांचा फोटो टी-शर्टवर छापू, मागं बॅनर लावून गाडी ठेवू. चांगली पोरं आहेत. पण मी त्यांच्यावर ओरडलो. शिवानंदच्या मागं गाडी?

परवा एकदा सायकल काढली. पुलापर्यंत गेलो. मागं हॉर्न वाजला, तसा उतरलो आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो. मी आता जाणार नाही. त्याच्यासाठी तरी जा म्हणतात, पण त्याच्यासाठी म्हणजे कुणासाठी? वाटेत टपरीवर तो तसला प्रश्न कोण विचारणार? कुणी उत्तर दिलंच, तर ते ऐकून खूश कोण होणार? रस्ता तिथंच आहे, रिकामा. असू दे.

दर वर्षी निघायच्या आधी महानंदावहिनी कडक भाकरी करायच्या. आमची सोलापूरची भाकरी, पापडासारखी वाळलेली, महिना महिना राहते. सोबत शेंगाची चटणी. पण कोकणच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीच त्या भाकरीचं चामडं व्हायचं. दर वर्षी व्हायचं, तरी दर वर्षी आम्ही तीच न्यायचो. मी कुरकुरायचो, आणि तो ती मऊ पडलेली भाकरी ओढून ओढून तोडत म्हणायचा की आता कळलं आपण पोचलो. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी मला बोलावून फडक्यात बांधलेली चळत हातात दिली. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीच केली होती. “भावजी, तुमचं नेहमीचं हाय,” म्हणाल्या. “मी काय करू ह्याचं? घेऊन जावा.”

ते गाठोडं आमच्या स्वयंपाकघरात फळीवर आहे. बायको त्याला हात लावत नाही. काल संध्याकाळी मी ते सोडलं आणि वरची भाकरी हातात घेतली. वाटलं होतं, इतक्या दिवसांत थोडी तरी मऊ पडली असेल. बोटांनी दाबली, तर कट्कन मोडली. अजून तशीच कडक आहे.