साडूने बसवलेले बोल्ट

मंडळी, आज नुसता जळफळाट झालाय. इथे लिहून मोकळा होतो.

सक्करदऱ्याच्या घरी गच्चीवर मी स्वतः टिनाचं शेड टाकलं. उमरेडला राहणाऱ्या माझ्या साडूने त्याच्या शेडला लावलेत तसेच हुकाचे बोल्ट, त्याच दुकानातून आणले. तरी सकाळच्या पावसात माझं शेड पाच ठिकाणी गळलं. बायकोने मला न विचारता साडूला फोन लावला आणि तो दुपारच्या बसने हजर.

वर चढून त्याने एका बोल्टवर बोट ठेवलं. "काहून गा, बोल्ट आवळले का राग काढला?"

खरं होतं. त्याच्यापेक्षा घट्ट बसावेत म्हणून मी पान्याने जीव खाऊन आवळले होते. त्यामुळे बोल्टखालचे रबराचे वायसर फाटले, पत्रा दबून खळगे पडले, आणि तिथूनच पाणी आत उतरत होतं.

"रबर नुसतं दबलं पाहिजे," म्हणत त्याने सगळे वायसर बदलले. बोल्ट हाताने फिरवून शेवटी पान्याचा अर्धाच फेरा. बायको खालून म्हणाली, "पाहा, भाऊजी किती शांतीनं करून राहिले." मग त्याला पाहुण्यांच्या कपात चहा. मला रोजच्या.

तो गेल्यावर मी गुपचूप बादली वर नेली, प्रत्येक बोल्टवर पाणी ओतलं आणि शेडखाली येऊन वर बघत बसलो. एक थेंब नाही. वाईट वाटलं.

आपलंच छप्पर गळावं, असं तुम्हाला कधी वाटलंय का?