वडिलांच्या पाळीचे वचन

आई या वर्षी गेली. तेव्हापासून संध्याकाळचे शास्त्रवाचन मी एकटीच करते. मी पुस्तकांत वाढलेली बाई. पुष्कळ पुस्तके माझ्या देखत जुनी झाली, काही खोटीही ठरली. बायबल हे एक पुस्तक मात्र तसे ठरले नाही, असे मी म्हणते ते मद्रासच्या आमच्या घरात जे पाहिले त्यावरून.

आम्ही मूळचे नगरचे. वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मद्रासच्या पेरंबूर भागात आलो. ती वर्षेच बदलाची होती. आणे जाऊन नवे पैसे आले, शेराचे किलो झाले, राज्यांच्या सीमा हलल्या आणि माझ्या शाळेतले नकाशे भिंतीवरच जुने झाले. बाजारातून आली की आई पिशवी खाली टेकवून म्हणायची, "आज काय बदललं ते आधी सांगा, मग मी चुलीकडे वळते." वडील हसून बायबलकडे बोट दाखवीत. "याचं वजनमाप तेच आहे अजून."

दिवेलागणीला आमच्याकडे प्रार्थना होई. अध्याय एकट्याने वाचायचा नाही, आळीपाळीने एकेक वचन वाचायचे. पहिले वडिलांचे, दुसरे आईचे, तिसरे माझे, चौथे पुन्हा वडिलांचे. माझे लक्ष नसले तर वडील रागवत नसत; मी आपले वचन शोधून काढीपर्यंत नुसते थांबून राहत.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना ते आजारी पडले. इस्पितळात आई त्यांच्या उशाशी जागत बसली. एका पहाटे बसल्या जागी तिचा डोळा लागला, आणि तेवढ्यात ते गेले. "मी झोपले गं," एवढेच ती मला म्हणाली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

दफनानंतर आम्ही दोघी प्रार्थनेला बसलो. पहिले वचन कोणीच वाचले नाही. आईने दुसरे वाचले, मी तिसरे, आणि चौथ्याला पुन्हा सगळे शांत.

"मी वाचू का?" मी विचारले.

"त्यांचं आहे ते."

काही दिवस असेच गेले. मग एका संध्याकाळी तिने बायबल मिटले. "मधलं मधलं गाळून वाचायचं, ते काय शास्त्र झालं?" त्यानंतर तिने ते उघडलेच नाही. मला भीती वाटू लागली. वडील गेलेच होते. हेही सुटले तर आई कशाच्या आधारावर उभी राहणार?

वरच्या मजल्यावर आमच्याच चर्चच्या एक तमिळ शिक्षिका राहत. सगळे त्यांना टीचरम्मा म्हणत. त्यांनी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे त्यांचे हिंदी थेट धड्यातले असे. आईचे हिंदी नगरच्या बाजारातले. दोघींचे कुठेतरी मध्ये जमे, अडले तिथे मी होते.

एका संध्याकाळी त्या एका हातात रसमचे भांडे आणि दुसऱ्या हातात आपले तमिळ बायबल घेऊन खाली आल्या.

"अक्का, आपके घर से पाठ का स्वर क्यों नहीं आता?"

"पहिलं वचन वाचणारं माणूस गेलं," आई मराठीतच म्हणाली. मी ते हिंदीत सांगितले.

"पढ़नेवाला गया," टीचरम्मा म्हणाल्या. "वचन कहाँ गया?" आणि त्या खाली सतरंजीवर बसल्याच.

"तुम्ही तमिळात वाचणार. मला काय कळणार?"

मी हे हिंदीत सांगताच त्या आईकडे वळल्या. "भाजीवाली से झगड़ा करते समय तो सारी तमिल समझ में आती है!"

आई हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. मी ती संधी साधून बायबल तिच्या मांडीवर ठेवले.

पुढचे स्तोत्र एकशे एकविसावे होते. टीचरम्मांनी पहिले वचन तमिळात वाचले. आईचे बोट मराठीतल्या पहिल्या वचनावर होते. शब्द परके होते, पण वचन आपल्या जागी होते. तिने दुसरे वाचले, मी तिसरे. मग टीचरम्मा चौथे वाचू लागल्या. आपल्याला राखणाऱ्या देवाला झोप तर नाहीच, डुलकीसुद्धा लागत नाही, असे सांगणारे ते वचन.

त्या थांबल्या. पाचवे आईचे होते, पण तिचे बोट चौथ्यावरून हलेना. थोड्या वेळाने तिने ते चौथेच मराठीत मोठ्याने वाचले. वडिलांच्या पाळीचे.

"टीचरम्मा, मी झोपले होते हो," ती म्हणाली. "ते गेले तेव्हा मी झोपले होते."

मी जेमतेम त्याचे हिंदी केले. टीचरम्मांनी आईचा हात धरला.

"आप सो गयीं, अक्का," त्या म्हणाल्या आणि चौथ्या वचनावर बोट ठेवले. "वह नहीं सोया."

आई पुष्कळ वेळ रडली. आम्ही दोघी तिच्यासाठी थांबून राहिलो. मग तिने पदराने डोळे पुसले आणि पाचवे वचन वाचायला घेतले. आवाज बसका होता, पण तिने एकही शब्द गाळला नाही. सहावे माझे होते.