हाक मारणाऱ्याच्या हातात काय आहे?

चालतं काम मधेच थांबवण्यात आमच्या मधल्या दादाचा हात धरील असा माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर झाला नाही. साठच्या दशकात तो मुंबईला एका गणकयंत्रावर नोकरीला होता. त्या यंत्राला म्हणे सूचना तुकड्यातुकड्यांनी देतात; एक तुकडा दुसऱ्याला हाक मारतो आणि आकडे त्याच्या हाती ठेवतो. उत्तर चुकलं की सगळे त्या दुसऱ्यावर तुटून पडत. दादा मात्र यंत्र मधेच थांबवून हाक मारणाऱ्या तुकड्याकडे जायचा, त्याच्याकडचे आकडे बघायचा, चुकलेला तिथंच बदलायचा आणि यंत्र पुढं सोडायचा. सुट्टीत पोलादपूरला आला की आमच्यावरही हाच प्रयोग. एकदा गिरणीत तांदळाच्या नुसत्या कण्या पडायला लागल्या. आई गिरणीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होती. दादानं गिरणी बंद करायला लावली, भाताचा दाणा दाताखाली फोडला, तो उन्हानं आधीच तडकलेला निघाला, आणि तडक घरी जाऊन तापल्या कातळावर वाळत घातलेलं उरलेलं भात सावलीत ओढलं. "गिरणीला काय बोलतेस? तू काय पाठवलंस ते बघ!" आई म्हणाली, "मुंबयला जाऊन येडा झालाय पोरगा." पण पुढचा तांदूळ अख्खा आला.

पुढं माझी सोयरीक ठरली. सुपारी फुटली की माघार नाही, ही आमच्याकडची रीत. पाव्हणे ओटीवर, बाबांच्या हातात अडकित्ता आणि मी आत चुलीपाशी. मला महाडला शिकायचं होतं, पण मला विचारतंय कोण? इतक्यात दादानं बाबांच्या हातातला अडकित्ता काढून घेतला आणि सरळ आत आला.

"गो, तुझ्या मनात काय हाय? लवकर सांग, बाहेर सगळं अडलंय."

"शिकायचं हाय."

"बस्स!" म्हणाला आणि बाहेर जाऊन त्यानं जाहीर केलं, "सुपारी आज नाय फुटायची. आधी तिचं शिक्षण."

चुलते कडाडले, "पोरीला काय इचारायचं रे?"

"लगीन तिचंच हाय ना, काका!"

पाव्हणे चहा न घेता उठले. बाबांनी सुट्टीभर अबोला धरला, पण मला महाडच्या शाळेत घातल्याशिवाय दादानं मुंबईची एसटी धरली नाही.

मी शिकले, शाळेत शिकवलं, सवडीनं संसारही झाला. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. फार आठवण येते त्याची. हल्ली मुलं-सुना ओटीवर बसून मला इथं ठेवायचं की मुंबईला न्यायचं ते ठरवतात, तेव्हा आत माझे डोळे उगाच दाराकडे लागतात. कुणी येत नाही. मग मी पदर खोचते आणि स्वतःच बाहेर जाते.