नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. पूर्वी माझा पार्टनर सुनील शेजारच्या खुर्चीवर असायचा. गिऱ्हाईक पायरी उतरलं की आम्ही दोघं पोट धरून हसायचो. मग सुनील नोकरीसाठी पुण्याला गेला. आता कोल्हारच्या दुकानात मी एकटाच. हसू येतं हो, पण एकट्याने किती हसणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

बहुतेक किस्स्यांचं मूळ एकच. फुकटचं सॉफ्टवेअर टाकताना लोक न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट दाबत सुटतात. खाली बारीक चौकटीत आधीच टिक केलेली असते. मग एका प्रोग्रॅमच्या मागून चार नको असलेले शिरतात!

*

आमचे भाऊसाहेब पेरूचे बागायतदार. व्हिडिओ प्लेअर टाकायला गेले आणि सोबत इतके टूलबार आले की बाजारभाव वाचायला स्क्रीनवर बोटभर जागा उरली.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"कशाला? फुकट आलंय न्हवं? भाजीबरोबर कोथिंबीर येतीच की!"

"अहो, पण कोथिंबिरीत भाजी दिसंना झालीय!"

*

दूध डेअरीचे सेक्रेटरी रावसाहेब. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक अँटीव्हायरस होता, दुसरा कशाच्या तरी मागून आला. मशीन जागेवर थिजलं. कॅन घेऊन माणसं रांगेत ताटकळली.

"दोन हायेत तर राखण जास्त व्हईल ना?" रावसाहेब म्हणाले.

"तुमच्याकडं दोन कुत्री हायेत ना? काय करत्यात?"

"लई भांडत्यात एकमेकांत..." म्हणाले, आणि स्वतःच माउस माझ्याकडे सरकवला.

*

एक गुरुजी आहेत. चाळिशी उलटली, लग्न झालेलं नाही. खोलीवर एकटेच राहतात. त्यांनी शाळेच्या लॅपटॉपवर कसलं तरी फुकट सॉफ्टवेअर टाकलं. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला भिंतीवर नकाशाऐवजी जाहिरात उघडली, "तुमचा जोडीदार तुमची वाट पाहत आहे!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी तसेच माझ्याकडे आले.

"काढ बाबा ते आधी!"

मी काढलं. लॅपटॉप पिशवीत घालून ते निघाले. पायरीवर थांबले, आणि हळूच म्हणाले, "त्यात आपल्या भागातलं कुणी दाखवत होते का रे?"

*

हा किस्सा मी सुनीलला फोनवर सांगितला. तिकडून "हं... हं... भारीच!" आणि कीबोर्डची टकटक.

"सुन्या, ऐकतोयस ना?"

"हो ना!"

"मग सांग, लग्न कुणाचं राहिलंय?"

"तुझंच ना?"

माझ्या लग्नात हाच बँडपुढे नाचला होता!

*

शेवटी सिस्टरांचं सांगतो. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. रिटायर झाल्या, पण गावासाठी अजून सिस्टरच. नवरा गेला, मुलगी कॅनडात. दर पंधरवड्याला त्यांचा फोन येतो, "बाळा, कॉम्प्युटर पुन्हा भरला रे. येतोस का?"

मी जातो. नको ते प्रोग्रॅम काढतो, चहा घेतो, त्यांच्या मुलीचे फोटो बघतो. प्रत्येक वेळी समजावतो, "सिस्टर, घाई करायची नाही. आधी चौकट वाचायची, टिक काढायची, मग नेक्स्ट."

त्या पाठ म्हणून दाखवतात. एक शब्द चुकत नाही. आणि पंधरवड्याने पुन्हा फोन!

मागच्या खेपेला मी शोधून असं सॉफ्टवेअर दिलं, जे टाकताना सगळ्या चौकटी कोऱ्याच येतात. आपण हाताने टिक केल्याशिवाय सोबत काहीच येत नाही. म्हटलं, आता सिस्टरांची कटकट मिटली.

परवा फोन आला, "बाळा, भरला रे."

गेलो. बघतो तर सगळं आलेलं! टूलबार, गेम, हवामान, एकूण एक.

सिस्टर स्वयंपाकघरात होत्या. मी कॉम्प्युटरपुढूनच म्हणालो, "सिस्टर, यात टिक आधी नसते. कुणी मुद्दाम केल्याशिवाय हे येत नाही."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मग त्या म्हणाल्या, "चहात आलं घालू ना रे?"