भाऊजींचा चाकू

खिशात चांगला चाकू असला की माणसाचं जगात काही अडत नाही, आणि तसा चाकू जगात अजून कोणी बनवलेला नाही, या दोन गोष्टींवर आमच्या मोठ्या भाऊजींचा जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसावा. देवाला ते शनिवारी तेवढे हात जोडत. चाकूचा विचार मात्र आठवडाभर चाले. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी, तिथेच क्वार्टर, मितभाषी, नाकासमोर चालणारे. नवे जावई म्हणून ते पहिल्यांदा अड्याळला आमच्या घरी आले तेव्हा मी शाळेत होतो. पाटावर बसले, आईने आंब्याच्या फोडी पुढे केल्या, तर ह्यांनी फोडी बाजूला सारून अख्खा आंबा मागितला. आईला वाटलं, मानपानात काही चुकलं. तोवर ह्यांनी खिशातून मिटता चाकू काढला होता. साल काढून झाल्यावर ती उजेडासमोर धरली आणि खिन्नपणे म्हणाले, "जाडी निघते." आंबा कसा होता, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही.

रोजच्या सगळ्या कामांना पुरेल असा एकच चाकू, मिटला की मुठीत मावणारा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यापायी चौदा वर्षं गेली. प्रत्येक नव्या चाकूची ते परीक्षा घेत. पेन्सिलीला टोक काढायचं, सुतळी एका ओढीत तोडायची, विजेच्या वायरीवरचं प्लास्टिक आतल्या तांब्याला न दुखवता सोलायचं, तळपायातला बाभळीचा काटा काढायचा. काट्याच्या परीक्षेला पाय लागतो आणि तो बहुधा माझा असे. माझ्या पायात काटा नाही म्हटलं तर "असन कुठंतरी" म्हणून ते शोधू लागत. सगळ्यात शेवटी शिंगाडा. आमच्याकडे तळ्यांना तोटा नाही आणि दिवाळीच्या सुमारास बाजारात शिंगाड्यांचे ढीग लागतात. त्याची दोन्ही शिंगं उडवून, हिरवी साल काढून आतला पांढरा गर अखंड बाहेर आला पाहिजे, ही त्यांची अट. भलेभले चाकू इथे नापास होत. जत्रेत मिळणारा माशाच्या आकाराचा चाकू त्यांनी असाच एकदा आणला होता. शिंगाड्याशी झटून झटून त्याचं पातं वाकलं, तेव्हा म्हणाले, "तळ्यातल्या मासोळीले तळ्यातला शिंगाडा सोलता येत नाही, मंग काय कामाची?"

मग एक खटक्याचा चाकू आला. बटण दाबलं की खटकन पातं बाहेर. कारखान्याच्या बसमध्ये भाऊजींनी काकडी चिरायला तो उघडला आणि शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर जाऊन बसला. काकडी अर्धी त्याच्यासाठीच होती. त्यानंतर कुणाच्या तरी पाहुण्याने परदेशातून आणलेला बारा पात्यांचा लाल चाकू त्यांनी आठ दिवस वापरायला घेतला. पातं उघडायला जावं तर कात्री निघायची, कात्री मिटावी तर दात कोरायची काडी. परत देताना म्हणाले, "हा चाकू नाही बाप्पा, बिऱ्हाड आहे."

गंमत म्हणजे असल्या माणसाला दिवसाचे आठ तास चाकूवाचून काढावे लागत. कारखाना दारूगोळ्याचा. आत जाताना बिडी, काडेपेटी, लोखंडाचं काहीबाही सगळं बाहेर ठेवून जायचं. गेटजवळच्या पानठेल्यावर कामगारांच्या काडेपेट्यांची रांग लागलेली असे आणि तिच्या कडेला रुमालात बांधलेला भाऊजींचा चाकू. एका संध्याकाळी त्यांनी चाकू घेतला, नाकाशी नेला आणि ठेलेवाल्याकडे नुसतं पाहिलं. "साहेब, येकच सुपारी कातरली," तो म्हणाला. "ज्याच्यापाशी अडकित्ता आहे त्यानं चाकूले हात कायले लावा?" एवढंच बोलून भाऊजी निघाले, ते दुसऱ्या दिवसापासून दूरच्या ठेल्यावर चाकू ठेवू लागले. त्यापायी रोज लवकर निघावं लागे आणि कित्येक वर्षं ते निघाले. चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा नियमच होता. शेजारी कुणी मागायला आलं तर चाकूऐवजी भाऊजी स्वतः जात, दोडका असेल तर दोडका चिरून देत आणि चहा पिऊन परत येत. ताईने लग्नानंतर कधी त्या चाकूला हात लावला नाही. "ह्यायच्या खिशात माही सवत राह्यते," असं ती आल्यागेल्याला सांगे, आणि भाऊजी ते खोडून काढत नसत.

शेवटी तो चाकू वरठीच्या स्टेशनवर सापडला. ताई, मी आणि भाऊजी नागपूरला निघालो होतो. फलाटावर एक फिरता विक्रेता सतरंजी पसरून बसला होता. भाऊजी वाकले. शिसवीची मूठ, एक मोठं पातं, एक छोटं, पाठीला बारीक टोच्या. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, सुतळी काढली. मला बूट काढायला सांगणार होते तेवढ्यात गाडी आली. ताई आणि मी चढलो, गाडी सुटली आणि भाऊजी सुतळी हातात धरून फलाटावरच राहिले. मागच्या गाडीने ते नागपूरला आले तेव्हा ताईचा पारा चढलेला होता. त्यांचं लक्ष नव्हतं. "सापडला," म्हणाले, आणि खुर्चीवर असे टेकले की जणू मुलीचं लग्न पार पडलं. पुढच्या दिवाळीला शिंगाडाही अखंड निघाला. असा दुसरा एक घेऊन ठेवावा म्हणून ते किती वेळा त्या फलाटावर जाऊन आले, पण तो विक्रेता पुन्हा कधी दिसला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खुपसलेली. लग्न लागून हळद उतरेपर्यंत ती हातातून सोडायची नाही, म्हणजे दृष्ट लागत नाही. आमच्या भावकीत कट्यार एकच, ती लग्नघरं फिरत असे. त्या वर्षी तिथी दाट होत्या. कट्यार आमच्या पेटीत आहे असं आम्ही समजत होतो आणि ती आदल्याच दिवशी एका चुलतभावाच्या हातात बसून पवनीला गेली होती. हे कळलं तेव्हा मी पाटावर, अंगाला हळद, हात रिकामे. कोणी विळा आणला. आत्या म्हणाली, "नवरदेव आहे का धान कापाले चालला?" बायका हसल्या, पण आईला हसू आलं नाही. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. एक जरी रीत राहिली तर पोरावर काही येईल, या धास्तीने ती महिनाभर धड झोपली नव्हती. ओट्यावर बसून तिने पदर डोळ्यांना लावला. "घरचा मानूस असता तं असं झालं असतं का," एवढंच म्हणाली.

मांडवाच्या कडेला भाऊजी उभे होते. त्यांचा हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला. मला वाटलं, नेहमीची सवय. मग ते पुढे आले. "मी आहो ना, मामी," आईला म्हणाले आणि चाकू काढला. रुमालाने पुसून पातं उघडलं. तोवर आत्या लिंबू घेऊन आली होती. आंबट लागलं की पातं काळं पडतं म्हणून हा माणूस जेवताना लिंबाची फोडही चाकूपासून दूर ठेवत असे. "लिंबू लावाच लागते का?" त्यांनी हळूच विचारलं. "लागते ना, जवाईबापू," आत्या म्हणाली. भाऊजींनी लिंबू घेतलं, स्वतःच्या हाताने टोकावर बसवलं आणि चाकू माझ्या मुठीत दिला. "पात्याच्या पाठीवर जोर नोको देजो, नाही तं मिटन."

पुढचे दोन दिवस ते माझ्या मागेमागे होते. वऱ्हाडात, बोहल्याजवळ, पंगतीत. लग्नाच्या फोटोत सगळे समोर पाहत आहेत, भाऊजी तेवढे माझ्या हाताकडे. लग्न लागलं, त्यांची रजा संपली आणि ते जवाहरनगरला गेले. हळद उतरायची होती म्हणून चाकू माझ्याकडे राहिला. ती उतरल्यावर लिंबू काढलं तर पात्याच्या टोकाकडे निळसर काळा डाग, चांगला अंगठ्याच्या नखाएवढा. राखेने घासला, मातीने घासला, विटेच्या भुकटीने घासला. हटेना, तेव्हा भंडाऱ्याला नेऊन सायकलवाल्या धार लावणाऱ्याच्या दगडाला लावला. त्याने मनापासून काम केलं. पातं आरशासारखं झालं, थोडं झिजलंही. तो चाकू घेऊन, नव्या बायकोसह मी मोठ्या ऐटीत जवाहरनगरला गेलो.

भाऊजींनी चाकू उघडला, खिडकीशी नेला, उलटासुलटा करून पाहिला. "डाग पडला नव्हता?"

"मोठा पडला होता, भाऊजी. सगळा काढला."

"काहून काढला रे?" ते म्हणाले. मला आधी वाटलं, थट्टा करतात. "मी ठेल्यावर सांगितलं होतं, नवरदेवाच्या हातात माहा चाकू होता म्हनून. आता कोन मानन?" मग माझ्या बायकोकडे पाहून हसले, चाकू खिशात टाकला आणि ताईला चहा ठेवायला सांगितलं. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा ते जेवत होते. त्या चाकूने त्यांनी लिंबू कापलं, वरणभातावर पिळलं आणि ओलं पातं न पुसता उघडंच खिडकीत ठेवून दिलं. मी चकित झालो. ताई म्हणाली, "रोज असंच करतेत. इचारलं तं म्हनतेत, पुसाचं ध्यानात राहत नाही." माणसाचं वय होतं, असं मी मनाशी म्हणालो. परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेवर मला कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. पात्यावर पुढे डाग पुष्कळ पडले, फिकट, इकडेतिकडे. पण तो डाग पडायला दोन दिवस आणि एक नवरदेव लागतो. भातावरच्या लिंबाने तो पडत नाही.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दूरच्या पानठेल्यावर मी एकदा तरी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं आणि चार माणसांत सांगायला हवं होतं, की डाग नसला म्हणून काय झालं, तो नवरदेव मी आहे. तेवढं राहून गेलं.