महादू तांडेलाचे फोड

महादू तांडेल दर्याचा माणूस, पण म्हातारपणी तारापूरजवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर त्याच्या वाट्याला काय आलं, तर कावळे हाकलणं! हाताला कंप सुटला तसं पोरानं, पंढरीनं, सुकाण स्वतःकडे घेतलं आणि बापाला वाळत्या बोंबलांच्या राखणीला बसवलं. हात आपला आपणच हलायचा, त्यामुळे कावळे फिरकत नसत. लोक अजून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणत, पण दर्याच्या गोष्टीत त्याला कुणी विचारत नसे. हे त्याला फार लागायचं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं, त्या साली त्याच्या मांड्यांवर, दंडांवर टपोरे फोड आले. खाज तर जीव नको करणारी. कोळीवाड्यात असल्या फोडांचं कारण एकच: जाळ्यात येते ती छत्रीसारखी बुळबुळीत ब्याद, जिचं नाव काढलं तरी अंग खाजतं. ती लागायला माणूस पाण्यात हवा. शेजारच्या बुधानं बिडी पेटवत निकाल दिला, "तांडेल चोरून दर्यात जातो."

झालं! म्हातारे सरकून त्याला जागा देऊ लागले. वारा कसा, मासळी कुठं, विचारू लागले. महादू हो म्हणाला नाही, आणि नाही म्हणायला त्याला काय वेड लागलं होतं? त्याची बायको जमना मात्र घर डोक्यावर घ्यायची. "या वयात मरायला जाता काय?" तो मुकाट ऐकून घ्यायचा.

फोड वाढले तसं तिनं त्याला पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोड पाहिले, हात पाहिला, चालून दाखवायला लावलं.

"हे दर्याचं नाही," डॉक्टर म्हणाले. "हाताला कंप सुटलेल्या म्हाताऱ्यांना असे फोड आलेले मी आधीही पाहिलेत. दोन्ही दुखणी जोडीनं का येतात, ते अजून नीट कळलेलं नाही. शरीर आपल्याच कातडीवर उठतं म्हणतात. गोळ्यांनी उतरेल."

बरं होणार ऐकून इतकं तोंड पडलेला पेशंट डॉक्टरांनी पाहिला नसेल.

एसटीत जमनानं विचारलं, "म्हंजे तुमी दर्यात गेलाच नाय?"

"नाय."

"मग इतक्या शिव्या गप का खाल्ल्या?"

"त्या तांडेलाला होत्या," महादू खिडकीबाहेर बघत म्हणाला.

गावात उतरले तर बुधा आणि मंडळी वाटच बघत होती. "काय बोलला डॉक्टर?" महादूनं मान खाली घातली.

जमनानं पदर खोचला. "काय बोलणार? दर्याचेच फोड हाय. परत पाण्यात उतरलास तर तंगडी तोडीन म्हणाला."

आणि भर रस्त्यात तिनं नवऱ्याचा थरथरता हात घट्ट धरला, सोडला तर तो थेट होडीकडे पळेल असा.