चिगूर, चुना आणि सरजाबाई

सरजाबाई प्रयोगशाळेत कामाला लागल्या तेव्हा पिपेट म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नव्हतं. "काच हाय ना? मग धुता येती," एवढंच त्या म्हणाल्या. विद्यापीठाच्या नांदेडच्या केंद्रातला जीवरसायनशास्त्र विभाग म्हणजे चार खोल्या, एक कुरकुरणारा फ्रीज, विभागप्रमुख बिडवे सर आणि सात-आठ विद्यार्थी. तिथल्या काचसामानावर राज्य सरजाबाईंचं. नवरा नरसिंग रेल्वेत गँगमन. त्याचा डबा भरून द्यायचा आणि मुदखेडहून सकाळची गाडी पकडायची, असं पाच वर्षं चाललं होतं, तेही रोजंदारीवर. यंदा मात्र त्यांना कायम करायची फाईल सरांनी स्वतः तयार करायला घेतली होती.

साल शहाऐंशी. पावसाने पुन्हा दगा दिलेला. सरजाबाईंचं माहेर शिरूर अनंतपाळ. आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, चार वर्षांपूर्वी लातूर जिल्हा झाला आणि त्यात गेलं. "गाव जागचं हललं न्हाई, जिल्हाच उठून दुसरीकडं गेला," असं त्या हसून सांगत. नव्या जिल्ह्याला पाट्या नव्या, शिक्के नवे, पण दुष्काळ जुनाच वाट्याला आला. त्यांची भावजय महानंदा तिकडे पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. तिची दोन लेकरं बांधावरच्या सावलीत बसायची आणि अकराच्या सुमारास त्यांना पेलाभर दूध मिळायचं, पावडरीचं.

विभागात पंचशीला नावाची उदगीरकडची मुलगी संशोधन करत होती. हुशार, तोंडाळ, आणि सरजाबाईंची लाडकी. तिचा विषय चिगूर, म्हणजे चिंचेची कोवळी पालवी. शेतं करपली तरी चिंचा हिरव्या राहतात, मग त्या पालवीत माणसाच्या अंगी लागेल असं काय आहे, हे तिला शोधायचं होतं. पालवी वाळवायची, चिनीमातीच्या इवल्या वाट्यांत घालून भट्टीत जाळायची आणि मागे जे उरेल त्यात कॅल्शियम किती ते मोजायचं. सरजाबाई कॅल्शियमला चुना म्हणत. हळूहळू सगळा विभागच चुना म्हणायला लागला.

एका शनिवारी आकडे आले. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दुधाच्या चौपट चुना! सरांनी पेढे मागवले. सोमवारी अहवाल घेऊन ते लातूरला जाणार होते. दुष्काळी कामांवरच्या लेकरांच्या दुधाचं बघणारे तिथले साहेब तर फोनवरच खूश झाले होते. दूध पावडर लांबून आणायची कटकट संपली, चिगुराची पूड भाकरीत मिसळली की झालं.

"म्हंजी लेकरांचं दूध बंद?" पेढा हातात धरून सरजाबाईंनी विचारलं.

"लागणारच नाही, अक्का," पंचशीला म्हणाली. ती नुसती आनंदाने उसळत होती.

"पन राखंत चुना कसा ऱ्हातो गं?"

"पाला जळतो, चुना जळत न्हाई. कोणत्याबी झाडाची राख घ्या, त्यात चुना हायच."

"बाभळीच्या?"

"बाभळीच्या तर लई असतो!"

सरजाबाईंचा पेढा हातातच राहिला. उन्हाळाभर नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं आणि विभागाच्या वाट्याला रोज एक बादली. काचसामान त्या नेमाने स्वच्छ पाण्याने खळबळून काढत. पण जळून काळ्या पडलेल्या त्या वाट्या तेवढ्याने निघेनात. बाहत्तरच्या दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर, आईने त्यांना पाण्याशिवाय भांडी घासायला शिकवलं होतं: राख चोळायची आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. म्हणून त्यांनी घरून डालड्याचा डबा भरून बाभळीची राख आणली होती. वाट्या अशा लखलखल्या, की सरांनी साऱ्या पोरांना सुनावलं, "पाणी कसं वाचवावं ते सरजाबाईंकडून शिका!"

सरजाबाई मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्यांना भीती वाटत होती. फाईल सरांच्या टेबलावर. गप्प बसलं तर कोण बघायला येतंय? आणि बोललं तर त्या पोरीच्या वर्षभराच्या कामावर आपल्याच हाताने माती. पण महानंदाच्या धाकट्याचे काटकुळे पाय काही डोळ्यांपुढून हलेनात. त्या उठल्या आणि तडक सरांच्या खोलीत शिरल्या.

"सर, तुमचा चुना चिगुरातला न्हाई. माझ्या चुलीतला हाय."

सगळं ऐकून सरांनी कपाळाला हात लावला. पंचशीला दारातच उभी होती, तिचा चेहरा पडला.

"सरजाबाई," सर म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंसुद्धा नसतं."

"लेकरांच्या हाडांला कळलं असतं, सर."

सरांनी लातूरला फोन लावला आणि जे घडलं ते सरळ सांगून टाकलं. सोमवारपासून सगळं पहिल्यापासून सुरू झालं. विद्यार्थी घरून पाण्याच्या कळशा आणू लागले, सरजाबाई रेल्वेतून कॅन आणू लागल्या. वाट्या आधी आम्लात बुडवून मग तीनदा पाण्याने धुतल्या. चुना धाडकन खाली आला, दुधाहूनही कमी. लेकरांचं दूध चालू राहिलं. पंचशीला दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी चिगूर घातलेल्या वरणाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "चुना नसंना का, चव तर हाय. खावा अक्का."

फाईल सरांनी मागे घेतली नाही. उलट "विश्वासू" असा एक शब्द स्वतःच्या हाताने वाढवून पुढे पाठवली, आणि दिवाळीच्या आत सरजाबाई कायम झाल्या.

तीन वर्षांनी पंचशीलाच्या पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. सरजाबाई चहाचा ट्रे घेऊन आत गेल्या, तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक तिला कोंडीत पकडत होते. "आकडे ठीक आहेत हो, पण ते खरेच आहेत हे तुम्ही कशावरून म्हणता?"

पंचशीलाने प्रबंध उघडलासुद्धा नाही.

"सर, भांडी या सरजाबाईंनी धुतलीत," ती म्हणाली.